तलवारींचे घर आणि माणसांची वाडी

गिरगावातील खोताच्या वाडीतून निघालेला पादचारी पाऊण-एक तासात काळ्या घोड्याजवळील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या फाटकाशी येऊन पोहोचतो. अंतर थोडे आहे. परंतु 'ऐतिहासिक वास्तूचे जतन' या शब्दप्रयोगाला या दोन टोकांना जे दोन अर्थ प्राप्त झाले आहेत, त्यांच्यामधील अंतर पायी तुटण्यासारखे नाही. एका टोकाला शंभर पावसाळे सोसलेली दगडी वास्तू तज्ज्ञांच्या हातून पुन्हा धडधाकट झाली असून तिच्या दालनांत तलवारी, ढाली आणि चिलखते सुरक्षित आहेत. दुसऱ्या टोकाला लाकडी सज्जांची आणि कौलारू छपरांची घरे एकेक करून नाहीशी होत आहेत, आणि त्या घरांत तलवारी नसून माणसे राहतात.

वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीचे काम उत्तम झाले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने झालेल्या या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा सांस्कृतिक वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. स्थापत्यकार विकास दिलावरी आणि त्यांच्या हाताखालील गवंडी, सुतार, पाथरवट यांचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. (पुरस्काराच्या बातमीत गवंड्यांची नावे नसतात, हा भाग निराळा.) या वास्तूचा इतिहासही सामान्य नाही. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोल घुमटाकडे पाहून तिचा घुमट कल्पिला. १९१४ साली ती बांधून पुरी झाली. पण संग्रहालय म्हणून ती खुली झाली ती १९२२ च्या १० जानेवारीला. मधली वर्षे गेली कशात? तर पहिले महायुद्ध पेटल्यामुळे ही इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. त्या काळात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील जखमी बोटीने मुंबईस आणले जात होते. कुतच्या वेढ्यात ज्या हिंदी पलटणी अडकल्या, त्यांत मराठा पलटणीही होत्या. म्हणजे सातारा-रत्नागिरीकडील, मनिऑर्डरीवर ज्यांची घरे चालत असे कुणबी-मराठा तरुण. ज्या इमारतीत आज शस्त्रांचे दालन आहे, तिने शस्त्रांचा परिणाम आधी पाहिला आणि शस्त्रे मागाहून. हा योगायोग आहे; पण दालनातून हिंडताना तो कोणी तरी प्रेक्षकाच्या कानावर घालावयास हवा.

शस्त्रदालनातील वस्तू डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या आहेत. सम्राट अकबराचे चिलखत आणि ढाल तेथे आहे. कट्यारी आहेत, पट्टे आहेत, सोन्याच्या तारेचे नक्षीकाम केलेल्या मुठी आहेत. सुटीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे येथे येतात आणि मुले काचेला नाक लावून उभी राहतात. त्यांना कोणी हसू नये. आपल्या पूर्वजांनी हाती धरलेले पोलाद पाहावे ही इच्छा निरोगी आहे आणि तिला 'सरंजामी' म्हणून हिणवण्याची जी सवय डाव्या चळवळीतील काहींना लागली, तिने चळवळीचे नुकसानच केले. प्रश्न त्या मुलाला काय दिसते हा नसून त्याला काय सांगितले जाते हा आहे. पाटीवर शस्त्राचे नाव, धातू आणि शतक एवढेच असते. एखाद्या वस्तूचे अर्थशास्त्र गाळून तिचा इतिहास सांगावयाचा, याचा नमुना म्हणून अशा पाट्यांकडे बोट दाखवता येईल.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते, हे शाळेतील मूलही जाणते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा आणि सरंजाम सरकारी पागेतून मिळे. युद्धाची साधने कोणाच्या मालकीची, यावरून पगार ठरे, लुटीतील वाटा ठरे आणि समाजातील मानही ठरे. शिवाजी महाराजांनी बारगिरांच्या पागेवर विशेष भर दिला. साधने राज्याच्या मालकीची असली की शिपाई रयतेला लुटत नाही, हे त्या धोरणामागचे मर्म होते. एवढे एक वाक्य तलवारीशेजारी लिहिले, तर पाहणाऱ्याला राज्यसंस्थेचा एक धडा मिळून जाईल.

पात्यांचीही गोष्ट अशीच. मराठी सरदारांच्या कमरेच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपात घडलेली होती. म्हणून त्यांना 'फिरंग' म्हणत. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपये देऊन मिळवली, तिचे पातेही युरोपीय बनावटीचे आहे, आणि त्यावरील देवनागरी लेखात रघुजींच्या नावासोबत 'फिरंग' हा शब्दही आहे. पाते बाहेरचे, मूठ येथली, बिरुद साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेले. उलट, दख्खनच्या भट्ट्यांतून निघालेले पोलाद इराणी व्यापारी विकत घेऊन जात आणि त्याची दमास्कसी पाती बनत, असे गोवळकोंड्याच्या प्रदेशाबद्दल तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. शस्त्रांचा इतिहास हा मुळात व्यापाराचा आणि कारागिरीचा इतिहास आहे. तो 'आमचे' आणि 'त्यांचे' अशा दोन खणांत मावत नाही.

मग हे कारागीर गेले कोठे? लोहार आणि शिकलगार हे गावोगावचे कसबी लोक. शिकलगाराचे काम पात्याला धार आणि झिलई देण्याचे. १८५७ च्या उठावानंतर जप्तीच्या मोहिमा निघाल्या आणि लिटनशाहीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे हा एतद्देशीयांच्या बाबतीत गुन्हा ठरला. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते या पंक्तिप्रपंचामुळे. पण ठरावांत शिकलगाराच्या पोटाचा प्रश्न नव्हता. तलवार गेली तशी तिची धारही गेली आणि धार लावणारा चाकू-कात्र्या घेऊन दारोदार फिरू लागला. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागाराची कथा तर मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. ते संस्थान खालसा झाल्यावर तेथील शस्त्रांचा प्रचंड साठा मोडीत काढला गेला. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयाकडे गेल्या आणि उरलेले ढीग भंगार लोखंडाच्या भावाने विकले गेले. आज न्यूयॉर्कसारख्या शहरांतील संग्रहालयांत ज्या देखण्या तंजावरी कट्यारी दिसतात, त्या या मोडतोडीतून वाचलेल्या. तेव्हा आपल्या संग्रहालयांतील शस्त्रे ही विजयाची स्मारके आहेत, तशीच निःशस्त्रीकरणाची पावतीही आहे. हे दुसरे वाक्य कोठल्याही दालनात वाचावयास मिळत नाही.

अलीकडे या विषयाला शासकीय उत्साहाचे भरते आले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आणण्यात आली. २०२४ च्या जुलैमध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. तेथून २०२५ साली नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि पुढे कोल्हापुरात गेली. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि तेथून संग्रहालयाकडे असा त्यांचा प्रवास आहे. ती महाराजांनी अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत याचा निर्वाळा देता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. हा वाद इतिहासकारांनी पुराव्याने सोडवावा. मंत्र्यांनी भाषणाने सोडवू नये. या मजकुरापुरता मुद्दा निराळा आहे. कोल्हापुरात या शस्त्रप्रदर्शनासाठी जागा निवडली गेली ती कसबा बावड्याकडील लक्ष्मीविलास राजवाड्याची. २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म झाला तो हा वाडा. तो दुरुस्त करून तेथे राजर्षींच्या कार्याचे संग्रहालय उभे करावे, ही कोल्हापूरकरांची जुनी मागणी होती आणि त्या कामाच्या रेंगाळण्याला कोल्हापूर वर्षानुवर्षे कंटाळले होते. २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण, शाहू मिल: ही या राजाची शस्त्रे होती. ती काचेच्या पेटीत ठेवता येत नाहीत, हे खरे. पण तलवारी पाहावयास आलेल्या झुंडीला त्याच छपराखाली वसतिगृहाची हजेरीपटही दाखवता आली असती, आणि राजर्षींच्या जन्मघरात तीच अधिक शोभली असती.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात सतराव्या शतकाच्या मध्यास बांधलेले प्रांतिक शस्त्रागार आहे. तुर्कांशी लढण्यासाठी प्रांताच्या सभेने ते उभारले होते. अठराव्या शतकात मारिया थेरेसाच्या सरकारने ती हत्यारे मोडीत काढावयाचे ठरवले तेव्हा प्रांतातील लोकांनी विनवणी करून ते स्मारक म्हणून राखले. सुमारे ३२ हजार वस्तू आजही मूळच्या लाकडी मांडण्यांवर, मूळच्याच इमारतीत आहेत. तेथे राजाची एक रत्नजडित तलवार पाहावयास कोणी जात नाही. सामान्य शिपायाची शेकडो एकसारखी शिरस्त्राणे ओळीने टांगलेली दिसतात आणि युद्ध म्हणजे कोणाचे अंग होते हे क्षणात समजते. इमारत, वस्तू आणि त्यांचा मूळ उपयोग यांची फारकत तेथे झालेली नाही.

आपल्याकडे ही फारकत किती पूर्ण आहे, याची साक्ष मुंबईच्या संग्रहालयातच आहे. त्याच्या मध्यवर्ती दालनात वर नजर टाकली की एक सुरेख लाकडी सज्जा दिसतो. त्याचे खांब आणि कठडे अठराव्या शतकातील एका मराठी वाड्याचे आहेत. वाडा गेला, सज्जा आला. विटेटसाहेबांची रसिकता वादातीत आहे, आणि त्यांनी तो उचलला नसता तर कदाचित बंबात गेला असता. परंतु एका घराचे अवशेष दुसऱ्या इमारतीचे भूषण होतात तेव्हा पहिले घर पडले होते, ही गोष्ट अलगद दृष्टीआड होते.

खोताच्या वाडीत असे सज्जे अद्याप घरांना लागलेले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वस्ती आकारास आली. त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा विकल्या आणि पोर्तुगीज वळणाची, रस्त्याकडे उघडी ओसरी असलेली, बाहेरून जिना चढणारी लाकडी घरे उभी राहिली. शेजारच्या गल्ल्यांत मराठी, गुजराती चाळी. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळही जवळच. क्रूस आणि गणपती यांच्यामध्ये येथे एका हाकेचे अंतर आहे आणि त्याची कोणाला कधी अडचण झालेली ऐकिवात नाही. एके काळी साठ-पासष्ट असलेल्या या घरांपैकी आज तिसाच्या आतच उरली आहेत. बाकीच्यांच्या जागी मनोरे आले. वाडीतील एकही घर लढाईत पडले नाही, जळाले नाही किंवा भूकंपात गेले नाही. ती सर्व हिशेबाने पडली.

तो हिशेब समजून घेतला पाहिजे. १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली झाली. देशात अशा प्रकारची ती पहिली. यादी झाली, श्रेण्या ठरल्या, खोताच्या वाडीसारखे परिसर वारसा म्हणून ओळखले गेले. परंतु यादीत नाव लागल्याने कौल बदलून मिळत नाही. सागवानी तुळई बदलावयाची तर लाकूड, कसबी सुतार आणि परवानगी या तिन्हींचा खर्च घरमालकाने करावयाचा. हे मालक म्हणजे कोणी जहागीरदार नव्हेत. निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध माणसे आहेत, आणि मालमत्ता चार-सहा वारसांत वाटली गेलेली आहे. त्यातील दोघे परदेशी असतात. दुसऱ्या बाजूला त्याच भूखंडावर वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाचा मोह उभा आहे. घर राखले तर दरवर्षी खर्च, पाडले तर एकरकमी कोट्यवधी: असा व्यवहार समोर ठेवून वर वारसाप्रेमाचे प्रवचन ऐकवणे हा ढोंगीपणा आहे. घर राखण्याचा लाभ साऱ्या शहराला मिळतो आणि भुर्दंड एका कुटुंबाला पडतो. अशा वेळी बाजार नेहमी पाडण्याच्याच बाजूने कौल देतो. वारसा वास्तूच्या मालकाने गमावलेल्या बांधकामाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय नियमावलीत आहे. पण हक्क विकून आलेला पैसा छपरावरच खर्च होईल, याची हमी त्यात नाही, आणि लहान घरमालकाला या बाजारात दलालावाचून पाऊल टाकता येत नाही.

येथे समाजवाद्यांनीही आपले माप आपल्या पदरात घालून घ्यावयास हवे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरगाव, परळ, लालबागच्या लाखो श्रमिकांना आणि कारकुनांना शहरात टिकवून धरले. त्याचे समर्थन चळवळीने केले, ते योग्यच होते. पण भाडे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या पातळीवर गोठवून पन्नास वर्षे तसेच ठेवावयाचे आणि दुरुस्तीचा पैसा कोठून यावयाचा हे मात्र विचारावयाचे नाही, यात अर्थशास्त्र नव्हते. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, परंतु हजारो इमारतींच्या मानाने तो निधी नेहमी तोकडाच पडला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवाव्या लागल्या आणि १९९९ चा नवा कायदा आला. मधल्या काळात मोडकळीस आलेली प्रत्येक इमारत बिल्डरांच्या हाती आयती पडत गेली. भाडेकरूंच्या बाजूने लढताना त्यांच्या छपराच्या बाजूनेही लढावयाचे असते, हे लक्षात यावयास उशीर झाला.

शस्त्रांच्या संग्रहालयाला पैसा मिळतो आणि वाडीला मिळत नाही, याचे कारण शोधण्यास फार खोल जावयास नको. तलवार बोलत नाही, भाडे थकवत नाही, न्यायालयात जात नाही आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात उत्तम दिसते. कालाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचा महापालिकेचा संकल्प वर्षानुवर्षे रखडत आला, तोही याच कारणाने. मागाचे संग्रहालय करावयाचे म्हटले की माग चालवणाऱ्याची आठवण निघणार. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या अडीच लाख कामगारांचे पुढे काय झाले आणि गिरण्यांच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, हे प्रश्न भिंतीवर लिहावे लागणार. तलवारीचा मालक तीनशे वर्षांपूर्वी मेलेला असतो. गिरणी कामगाराचा मुलगा अजून घराच्या सोडतीची वाट पाहत आहे.

तेव्हा मागणी शस्त्रदालने बंद करण्याची नाही. ती अधिक व्हावीत, आणि त्यांत शिलेदाराबरोबर शिकलगारही असावा. मागणी अशी की, वारसा जतनासाठी निघणाऱ्या सार्वजनिक पैशाचा ठरावीक हिस्सा वस्तीच्या घरांसाठी कायद्याने राखून ठेवावा. तो मालकाच्या हाती रोख न देता दुरुस्तीच्या कामावरच खर्च व्हावा आणि त्याच्या बदल्यात ते घर अमुक वर्षे पाडले जाणार नाही असा नोंदणीकृत करार असावा. रहिवाशांची सहकारी संस्था हे त्यासाठी योग्य साधन आहे. सुतार आणि कौलारू एकेका घराने शोधण्यापेक्षा तीस घरांनी मिळून नेमले तर खर्चही उतरेल आणि कसबी माणसाला वर्षभर कामही राहील. एखाद्या घरात कलादालन चालवणे किंवा पाहुण्यांना खोली देणे, असे प्रयत्न वाडीतील काही रहिवाशांनी स्वतःच्या हिमतीवर केले आहेत. ते स्तुत्य आहेत; पण सारी वाडीच पाहुण्यांसाठी सजवली गेली तर राहणारे बाहेर पडतील आणि उरेल ते आणखी एक संग्रहालय. यासाठी करारात रहिवासाची अट पहिली असली पाहिजे.

गिरगावातील कार्यकर्त्यांना यासाठी मुंबईच्या पातळीवरील धोरणाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वाडीत आज किती घरे उभी आहेत, त्यांपैकी कितींत मालक राहतात आणि कितींत भाडेकरू, कोणत्या घराच्या तुळया वाळवीने पोखरल्या आहेत, वारसांचे दावे कोठे अडले आहेत, पालिकेचा कर कोणाचा थकला आहे, याची घरोघरी जाऊन केलेली विश्वासार्ह नोंद चळवळीकडे नाही. ती पुढच्या पावसाळ्याच्या आत तयार व्हावी आणि प्रभाग कार्यालयाच्या टेबलावर जावी. काम चार-सहा रविवारांचे आहे, आणि वाडीतील वृद्ध मंडळी ओसरीवर बसलेली असतात.